ताटावर आडवे हात

एकतिसाव्या मिनिटाला मैदानाच्या कडेला पाटी वर गेली आणि तिच्यावर लाल दिव्यांचा चार होता. चार नंबर म्हणजे क्रेग, आणि क्रेग म्हणजे माझा होणारा जावई. मी आधी पाटी पाहिली, मग घड्याळ, मग पुन्हा पाटी, कारण खेळाडू बदलायचा तर सत्तराव्या-ऐंशीव्या मिनिटाला बदलतात, एवढं या दोन वर्षांत मलाही कळायला लागलं आहे. एकतिसाव्याला बदलतात तो पाय मोडलेला असला तर. क्रेगचे दोन्ही पाय धड होते. तो रेषेपाशी गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि त्याच्या पुढ्यातल्या गवतावर जे पडलं होतं ते मला तिसऱ्या रांगेतूनही दिसलं. पिवळं होतं. माझ्या शेजारच्या माणसाने मांडीवरच्या कागदातला बटाटा तोंडात टाकत म्हटलं, "युवर मॅन वॉज ऑन द बीअर लास्ट नाइट," आणि पुढच्या रांगेतले दोघे हसले. इथे डब्लिनमध्ये ज्याच्या-त्याच्याबद्दल ‘युवर मॅन’ म्हणतात, ओळख असो वा नसो. हा मात्र खरोखरच माझा माणूस होता, आणि ती बीअर नव्हती. ते आमच्या घरचं पुरण होतं, आज दुपारी साडेबाराला बोमाँटच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर वाढलेलं.  मी समोरच्या पत्र्याच्या छपरावर बसलेल्या सीगलांकडे पाहत राहिलो.

वैताग यायला मला कारण लागत नाही, असं माझी बायको मेधा म्हणते. चूक आहे. कारणं भरपूर असतात, तिला ती ऐकायची नसतात. आता हेच बघा. या क्लबचा क्रेगशी असलेला करार जूनच्या तीस तारखेला संपतो. पुढच्या वर्षाचा द्यायचा की नाही हे मॅनेजर सोमवारी सकाळी सांगणार होता, आणि त्याने क्रेगला बजावून ठेवलं होतं की शनिवारी कसा खेळतोस ते पाहून ठरवू. क्रेग तेहतीस वर्षांचा आहे. त्याच्या धंद्यात तेहतीस म्हणजे माझ्या धंद्यातले चौसष्ट. इथून सुटला तर दुसरा क्लब नाही. दोन आठवड्यांवर लग्न, तेही लीगला जूनमध्ये मधली सुट्टी असते म्हणून तेव्हा धरलेलं, म्हणजे मुहूर्तसुद्धा आम्ही फुटबॉलला विचारून काढला. आणि असा सगळा हिशेब असताना हा माणूस अर्ध्या तासात मैदानाबाहेर, तोंडाला टॉवेल लावून. मॅनेजर डेक्लन त्याच्याकडे न बघता शिट्टी मारल्यासारखे ओठ करून उभा होता. क्रेग त्याच्या बाजूने गेला तेव्हा तो वाकला आणि क्रेगच्या तोंडाचा वास घेतल्यासारखं काहीतरी त्याने केलं. निदान मला तसं वाटलं. माझी मुलगी कौमुदी बाजूची खुर्ची सोडून कधीच खाली पळाली होती.

ही लीगची भानगड मला अजूनही डोक्यात जाते. आपण ज्या सामन्याला बसलोय त्याला म्हणतात फर्स्ट डिव्हिजन, आणि ती आहे दुसरी. इंग्लंडमध्ये लीग वन म्हणजे तिसरी आणि लीग टू म्हणजे चौथी. मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये क्वालिटी बघतो, सिटीवेस्टला, रोज एम-फिफ्टी हायवेवरून जाऊन-येऊन. आमच्याकडे एखाद्याने दुसऱ्या लॉटला ‘पहिला’ असं लेबल लावलं तर अख्खी लाइन थांबते. क्रेग तिथल्या चौथ्या आणि पाचव्याच पायऱ्यांवर चौदा वर्षं वर-खाली करत होता. त्याचं इंटरनेटवर एक पान आहे, त्यात वर्षं, क्लबांची नावं आणि कंसात सामन्यांचे आकडे आहेत. कौमुदीने पहिल्यांदा त्याचं नाव घरात काढलं त्या रविवारी मी ते पान तीनदा वाचलं. अकरा क्लब. काही लोनवर, म्हणजे एका क्लबाने दुसऱ्याला वापरायला दिलेला. एक मासळी बाजाराचं गाव, एक कोळशाच्या खाणी बंद पडलेलं गाव, एक असं की जिथे वर्षातले आठ महिने समुद्रावरचा वारा चेंडू परत आणून देतो, असं तो स्वतःच सांगतो. चारशे दोन सामने, सात गोल. टीव्हीवर दिसलेला एकच गोल, तो त्याने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. माझे मेहुणे पुरुषोत्तमराव नागपूरहून फोनवर म्हणाले, एवढ्या नोकऱ्या सोडल्या मुलाने, स्वभाव तापट आहे का? मी त्यांना सांगितलं की सोडल्या नाहीत, सुटल्या. त्यावर ते गप्प झाले, आणि ते गप्प होणं मला चारचौघांत थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

आणि हा माणूस तापट असता तर एक वेळ बरं झालं असतं. पहिल्या भेटीतच, सूप पुढ्यात असताना, त्याने मला सांगून टाकलं की मासळी बाजाराच्या गावातून त्याला काढलं ते दारूमुळे. आई गेली होती, तो प्यायला लागला, दोन सकाळी सरावाला गेला नाही. चार वर्षं झाली, आता थेंब नाही. हे सगळं मी विचारलेलं नव्हतं. पहिल्या भेटीत माणसाने काय सांगायचं याच्या काही रीती असतात, आपण हवापाण्याचं बोलतो, गाव कुठलं विचारतो. मी त्याला गाव विचारलं होतं फक्त. मेधाने घरी आल्यावर म्हटलं, किती खरा मुलगा आहे. मी म्हटलं, खरा आहे म्हणूनच अकरा क्लबांत गेला. डब्लिनला आला तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि ब्लँचर्डस्टाउनच्या ज्या क्लिनिकमध्ये तो गुडघा वाकवायला यायचा तिथे वाकवणारी फिजिओ माझी मुलगी होती. सहा वर्षांची असताना तिला मी इथे आणलं. मराठी सगळी समजते, उत्तरं इंग्रजीत येतात, तीही इथल्या हेलात. इतकी वर्षं ती इंग्रजीत बोलते आणि मी मराठीत ऐकतो, आणि आमचं बरं चाललेलं असतं. तो मात्र मला ‘बाबा’ म्हणतो. तसं म्हण असं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. ती म्हणते म्हणून तोही म्हणायला लागला, आणि मी पहिल्यांदाच हटकायला हवं होतं, ते राहून गेलं.

खेळ पुन्हा सुरू झाला होता. क्रेगच्या जागी आलेला लांब केसांचा खेळाडू दोनदा घसरला. वरून विमानतळाकडे उतरणारं एक विमान इतकं खालून गेलं की त्याच्या पोटावरची अक्षरं वाचता आली. मी कोटाच्या आतल्या खिशाला हात लावला. तिथे घडी घातलेला एक कागद होता. आमच्या प्लांटमध्ये पॅकिंगच्या लाइनवर टेक्निशियनची जागा निघाली आहे, कायमची, पाळी सकाळची. मी एचआरच्या बाईंशी मागच्याच आठवड्यात बोलून ठेवलं होतं, माणूस मेहनती आहे, तब्येतीने चांगला आहे, पहिली नोकरी आहे असं समजा. क्रेगला अजून सांगितलं नव्हतं. सोमवारी करार नाही मिळाला की मंगळवारी सांगायचं असं मी ठरवलं होतं. मिळाला तर कागद फाडून टाकायचा. ‘मिळाला तर’ हे मी मनात म्हणायचो खरं, पण कागद फाडणारे माझे हात मला कधी दिसले नव्हते. दर वेळी दिसायचा तो निळी टोपी घातलेला क्रेग, लाइनवर उभा, आणि माझी मुलगी डब्लिनमध्येच, वर्षावर्षाला कोणा डेक्लनच्या तोंडाकडे न बघता.

आमच्या कामात काही बिघडलं की आम्ही त्याचं मूळ काढतो. का असं विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तराला पुन्हा का विचारायचं, असं पाच वेळा. माणसाची चूक, हे उत्तर चालत नाही, मी स्वतः कितीतरी रिपोर्ट त्यासाठी परत पाठवले आहेत. माणूस चुकला तर का चुकला, ते लिहा. सवयीने माझं डोकं तिथे बसल्या बसल्या तेच करायला लागलं. क्रेगला उलटी का झाली, तर जड खाऊन पळाला. जड का खाल्लं, तर पानात पडलं. पानात का पडलं, तर आज केळवण होतं. इथपर्यंत सगळं सोपं आहे. केळवण पंधरा दिवसांपासून ठरलेलं, आज शनिवारी दुपारचं, अठरा पानं. सामना काल शुक्रवारी संध्याकाळी व्हायचा होता. मग मैदानाच्या दिव्यांचं काहीतरी काम निघालं आणि त्यांनी तो आज उजेडी पाचला ढकलला. कौमुदीचा मेसेज आला, केळवण होऊ दे, ताईआत्याने डाळ भिजवली असेल, पण क्रेगला फक्त वरण-भात, तोही थोडा, बाकी काहीही नाही, आणि एक वाजता आम्ही निघणार. मी त्यावर अंगठा पाठवला. तो अंगठा अजून माझ्या फोनमध्ये आहे.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण पद्मिनी, लग्नासाठी नागपूरहून महिनाभर आधी आलेली. येताना तिने बॅगेतून पुरणयंत्र आणलं, कारण परदेशात काय मिळेल याच्यावर तिचा विश्वास नाही. आमच्याकडची पोळी पुण्यासारखी कागदी नसते. तळहाताएवढं पुरण आत जातं आणि पोळी पानात पडली की वर तुपाची वाटी उपडी होते, ती बुडली नाही तर वाढणाऱ्याची नाचक्की. ताईला मी सांगितलं होतं की मुलाला सामना आहे, जपून. तिला त्याचा अर्थ उलटा लागला. "वाढ ना रे त्याला अजून एक," ती म्हणत होती, "खेळून राह्यला ना तो संध्याकाळी, सारं जिरून जाते." तिच्या मनात पाप नव्हतं. पैलवानाला खुराक लागतो, एवढंच तिला ठाऊक. आणि क्रेग बसला होता पाटावर बसल्यासारखा ताठ, खुर्चीत, समोर रांगोळी, कपाळाला कुंकू, आणि प्रत्येक पोळीला हसून नो थँक्यू म्हणत होता. नो थँक्यू! अठरा पानांच्या पंगतीत नो थँक्यूला कोण विचारतो. आपल्यात नको म्हणायची भाषा तोंडाची नसतेच. ताटावर वाकायचं, दोन्ही हात आडवे धरायचे, प्रसंगी वाढणाऱ्याचं मनगट पकडायचं. त्यातही एकदा-दोनदा हरायचं, मग जिंकायचं. आपल्या पाच वर्षांच्या पोरालाही हे येतं. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. उलट कौमुदीने त्याला एक गोष्ट नीट शिकवून आणली होती, पानात टाकायचं नाही, मोठ्या माणसांना वाईट वाटतं. म्हणजे येणारं थांबवता येत नाही आणि आलेलं टाकता येत नाही, अशी त्याची गत. चार पोळ्या झाल्या, पाच झाल्या. कौमुदी आत लग्नाच्या साड्या दाखवत बायकांत अडकली होती. मी वाढत होतो, माझ्या हातात पोळ्यांचं ताट होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी पाहिलं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

मध्यंतर झालं. कौमुदी पायऱ्या चढून वर आली आणि खुर्चीवर बसली नाही. तिने बोलायला सुरुवात केली, खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता, मैदानाकडे बघत. डेक्लनने क्रेगला विचारलं, काल रात्री कुठे होतास. क्रेग म्हणाला, घरी. डेक्लन म्हणाला, मला तुझा इतिहास माहीत आहे, खरं सांगितलंस तर बरं. क्रेग म्हणाला, पोटात काहीतरी गेलं असेल. काय गेलं? माहीत नाही, म्हणाला, पेट्रोल पंपावरचं सँडविच असेल. सोमवारी यायची तसदी घेऊ नकोस, असं डेक्लनने त्याला सांगितलं. सगळ्यांसमोर. मी कौमुदीला विचारलं की मूर्खासारखं सँडविच कशाला, जे झालं ते का नाही सांगितलं. तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. क्रेग म्हणाला, तुझ्या घरच्यांनी इतकं केलं, मी त्यांच्यावर नाही ढकलणार. मी सांगते म्हटलं तर म्हणाला, तू सांगायचं नाही. एवढं बोलून ती पुन्हा खाली गेली, आणि मी तिथे हातावर हात धरून बसलो.

बघा म्हणजे. हा त्याचा स्वभाव. बचावाला खेळतो तो, चौदा वर्षं त्याने दुसऱ्याच्या चुकीपुढे आपलं अंग घातलं आहे, नाक दोनदा मोडून घेतलं आहे, आणि नाव कायम पुढे खेळणाऱ्याचं झालं आहे. अशा माणसाला काय म्हणावं. स्वतःच्या भाकरीवर पाणी सोडून सासऱ्याच्या पुरणपोळीची अब्रू राखतो. दारू पिऊन काढला गेला तेव्हा न विचारता खरं बोलला, आणि आज खरं बोलून वाचता येत होतं तर खोटं बोलला. मला इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. आणि त्या संतापाच्या तळाशी, हे मी आता लिहितो आहे म्हणून लिहितो, एक गार, बरं वाटणारं काहीतरी होतं. म्हणजे झालंच की. सोमवार उरला नाही. आपण काही केलं नाही, आपल्याला काही करायचंही नाही, नुसतं गप्प बसायचं. सामना संपेल, मंगळवारी कागद खिशातून निघेल, सप्टेंबरपर्यंत तो निळ्या टोपीत असेल. मुलगी सुखात राहील. वाईट कोणाचं होतंय यात?

त्या गार वाटण्यावरून मला एक सकाळ आठवली, जी चाळीस वर्षांत कधी आठवली नव्हती. नागपूर, आमचं एमएसईबीचं क्वार्टर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. व्हॉलीबॉल खेळायचो, बरा खेळायचो, आणि त्या दिवशी अमरावतीला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. सातची एसटी होती. बूट घालून मी दारात आलो आणि वडील म्हणाले, आज गॅसचं सिलिंडर येणार आहे, घरी कोणी नाही, थांब. आई मामाकडे गेली होती, ते ऑफिसला निघाले होते. मी थांबलो. दिवसभर जिन्यावर बसून राहिलो, बूट पायात तसेच. सिलिंडर दुसऱ्या दिवशी आलं. वडील संध्याकाळी आले, त्यांनी विचारलंही नाही की आलं का. नुसते पाय धुऊन पेपर वाचत बसले. मी इंजिनिअर झालो, बरं चाललं, डब्लिनला घर झालं, जे झालं ते चांगलंच झालं, आणि त्यातच तर सगळा वैताग आहे, कारण चांगलं झाल्यावर कोणाला काय विचारणार. त्यांना माहीत होतं का, की सिलिंडर त्या दिवशी येणार नाही? मी कधी विचारलं नाही. ते जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

मध्यंतरानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी एक गोल केला, आपण एक केला. लांब केसांचा अजून एकदा घसरला आणि शेजारचा माणूस म्हणाला की चार नंबर असता तर हा गोल झाला नसता. मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो आपला निर्विकारपणे बोटांवरचं मीठ चाटत होता. मला पाचव्या पोळीनंतरचं टेबल दिसत होतं. माझा मित्र विनय, नागपूरचाच, इथे कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आहे, त्याने क्रेगला सहज विचारलं होतं की मग पुढच्या वर्षी काय. आणि क्रेगचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. तो म्हणाला, अजून एक वर्ष मिळेल असं वाटतंय, मिळाली तर दोन, मग कोचिंगचा कोर्स. पाय अजून चालतात, म्हणाला. मला इतकी चीड आली. तेहतीस वर्षांचा माणूस, अकरा ठिकाणांहून निघालेला, आणि असा बोलतो आहे की जसं काही नुकतंच सुरू झालंय. जिन्यावर बूट घालून बसलेल्या माणसासमोर कोणी असं उजळू नये. मी ताटातली वरची पोळी उचलली. ताई त्या वेळी स्वयंपाकघरात होती, कोणी आग्रह करत नव्हतं, क्रेगने चमचा खाली ठेवला होता. मी पोळी त्याच्या पानात ठेवली आणि स्वतःच्या हाताने तूप ओतलं. तो म्हणाला, बाबा, आय कान्ट. मी म्हणालो, एवढी एकच, माझ्यासाठी. त्याने अर्धी खाल्ली. त्याच्या कपाळावर घाम होता.

शिट्टी वाजली. लोक उठले. खाली आत जायच्या बोळाशी एक लोखंडी कठडा आहे, तिथे खेळाडूंच्या घरचे थांबतात. मी तिथे गेलो तेव्हा क्रेग भिंतीला टेकून, कपडे बदलून, पाण्याची बाटली धरून उभा होता, रंग पार उतरलेला. कौमुदी त्याच्या बाजूला. डेक्लन कागद घेऊन बाहेर आला आणि त्यांच्या पुढून निघून चालला. मी त्याला हाक मारली. माझं इंग्रजी अशा वेळी प्लांटमधल्या रिपोर्टसारखं होतं, मला दुसरं येत नाही. मी म्हणालो की मी क्रेगचा सासरा, होणारा. आज दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान माझ्या घरी त्याला साडेपाच पोळ्या खायला घातल्या गेल्या. पोळी म्हणजे डाळ, गूळ आणि गव्हाचं पीठ, प्रत्येकीवर साधारण पन्नास मिली तूप. त्याने प्रत्येक वेळी नाही म्हटलं. आमच्यात ते ऐकत नाहीत. सामना पाचला आहे हे मला लेखी कळवलेलं होतं. काल रात्रीही तो माझ्याच घरी होता, माझ्या बहिणीबरोबर पत्ते खेळत होता, आणि ती त्याच्याकडून हरली नाही. त्याने पाण्याशिवाय काही प्यायलेलं नाही. सँडविच नव्हतंच.

 "साडेपाच," डेक्लन म्हणाला. मी हो म्हटलं. त्याने क्रेगकडे पाहून विचारलं की तू हे का नाही बोललास, आणि क्रेगने नुसते खांदे उडवले. डेक्लनने कागदाची गुंडाळी केली, आपल्या मांडीवर आपटली. खेळाडूने स्वतःचं तोंड सांभाळायला हवं, हे त्याने त्याला चार शब्दांत ऐकवलं, त्यातला एक इथे लिहिण्यासारखा नाही. मग जाता जाता म्हणाला, "सोमवारी. दहाला ये. बघू." ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक आहे’, असं काही तो म्हणाला नाही. बघू म्हणजे बघूच, त्याहून जास्त त्यात काही नव्हतं.

क्रेग बॅग आणायला आत गेला. कौमुदी आणि मी कठड्यापाशी दोघंच उरलो. मैदानावर दोन माणसं जाळी सोडवत होती. तिच्या हातात त्याची पाण्याची बाटली होती आणि ती तिचं झाकण उघडत होती, लावत होती. तिने मेसेजचं काही काढलं नाही. अंगठ्याचंही नाही. मग ती बोलली, आणि मला क्षणभर कळेना की काय वेगळं आहे. ती मराठीत बोलली होती.

"बाबा, मुद्दाम?"

मला वाटलं होतं त्याला उत्तर खूप लांबलचक असेल. ताईचं, पद्धतीचं, अठरा पानांचं, तिच्या सुखाचं. प्लांटमध्ये मी तसली चार-चार पानी उत्तरं परत पाठवतो.

"पाच आग्रहाच्या होत्या," मी म्हणालो. "सहावी माझी."

 रडली असती तर मला जमलं असतं. ती झाकण लावत राहिली. मी खिशातला कागद काढून तिला दिला. तिने तो उलगडला, वाचला, पुन्हा होत्या त्याच घड्या घातल्या आणि मला परत केला. मी तो तिच्यासमोर फाडला नाही, तसं करणं नाटकी झालं असतं. कठड्याशेजारी चिप्सच्या कागदांचा एक पिंप होता, त्यात टाकला.

क्रेग आला. बॅग खांद्यावर, केस ओले. त्याने आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि आपल्यामुळेच काहीतरी झालंय असं त्याला वाटलं, त्याला नेहमी तसंच वाटतं. म्हणाला, थँक्स, बाबा, तुम्ही बोलायला नको होतं. मग थोडा घुटमळला आणि त्याने विचारलं की आत्या रागावली तर नाही ना, ती शेवटची त्याने अर्धीच खाल्ली, अर्धी पानात टाकली, ते त्याला दुपारपासून खात होतं. हे त्याने खरंच विचारलं. कौमुदीने मान फिरवली. मला वाटलं आता मी ओरडणार, त्याच्यावर, या भल्या, अकरा क्लबांनी सोडलेल्या माणसावर, की अरे काय हे.

मी त्याला म्हटलं, बॅग खाली ठेव. त्याने ठेवली. मी म्हटलं, माझ्याकडे बघ. आणि त्या कठड्यापाशी, घरी निघालेल्या लोकांच्या वाटेत, मी कमरेत वाकलो, दोन्ही कोपरं बाहेर काढली आणि नसलेल्या ताटावर दोन्ही हात आडवे धरले, बोटं पसरून. त्याला सांगितलं की तोंडाने नाही म्हणून काही होत नाही, असं करायचं. वाढणारा डावीकडून आला तर डावीकडे वळायचं. ताट सोडायचं नाही. त्याला हे चटकन जमलं. तो वाकला, पाय रोवले, हात पसरले, आणि एकदम इतका पक्का दिसला की त्याच्या पलीकडे काही पोचवायची माझी छाती झाली नसती.

"कोणीही वाढायला आलं तरी?" त्याने वाकल्या वाकल्याच विचारलं.

"कोणीही," मी म्हणालो. "आणि मी आलो, तर नक्कीच."